आठ मिनिटांचा रुग्ण

"काका, पडलात तेव्हा उभे होतात की बसलेले?"

"उभा होतो. रांगेत." खाटेवरचे काका कण्हले. "डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मग काही कळलंच नाही बघा."

प्रश्न विचारणाऱ्या परीक्षार्थी मुलीला हसू आवरेना. नाटकात उभा जन्म काढलेला हा माणूस डॉक्टरकीच्या परीक्षेला रुग्ण बनून खाटेवर पडायचा. कॉलेजात सगळे त्यांना 'कण्हणारे काका' म्हणत. गेल्या वर्षी त्यांची पोटदुखी पाहून एक परीक्षार्थी परीक्षा अर्धी टाकून सर्जनला बोलवायला धावला होता.

सहा मिनिटं उरली.

कोपऱ्यात परीक्षक गुण द्यायच्या मुद्द्यांची यादी मांडीवर घेऊन बसले होते. तिची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा घाई नडली होती. आता नापास झाली, तर कॉलेजातून नावच कमी होणार होतं.

घाई नको.

"पडताना कोणी पाहिलं?"

काका थबकले. "बायकोने. घरी."

"आत्ता तर रांगेत म्हणालात!"

"ते राहू दे गं पोरी. घरीच."

सापळा, तिने ताडलं. "काय पाहिलं त्यांनी?"

"अंग लाकडासारखं ताठ झालं म्हणे. मग हातपाय झाडले. त्यानंतर अर्धा तास तिला ओळखेचना. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी विचारतोय, 'बाई, आपण कोण?'"

नुसती भोवळ असती, तर आडवं पडल्यावर मिनिटाभरात भानावर आले असते.

"जीभ दाखवा."

जिभेच्या कडेला दातांची ताजी, लाल खूण होती. खूण रंगवणाऱ्याने कमाल केली होती.

तीन मिनिटं.

काकांचे हात थरथरत होते. तिने आवाज खाली आणला. "काका, दारू?"

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "रोज. वीस वर्षं."

"शेवटची कधी?"

"परवा. नातीला शब्द दिला आणि एका फटक्यात बंद केली."

"अशी एकदम तोडायची नसते. शरीराला तिची सवय झालेली असते. मग हात कापतात, झटके येतात, नाही ते दिसायला लागतं. जिवावर बेततं, काका. दवाखान्यात राहून, औषधं घेऊन सोडायची असते."

"म्हणजे माझं चुकलं?"

"सोडलीत ते बरोबरच. एकट्याने सोडलीत, ते चुकलं."

"नातीला काय सांगू?"

"आजोबा शब्द पाळायलाच भरती झाले, म्हणून सांगा."

"कधी व्हायचं भरती?"

"आत्ताच्या आत्ता."

काकांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा तळवा घामाने चिंब होता. वा, काका!

घंटा.

"निदान?" परीक्षकांनी विचारलं.

"अचानक दारू सोडल्याने आलेला झटका. भोवळ नव्हे."

त्यांनी पेन यादीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. "यातलं काहीच माझ्या यादीत नाही."

तिने खाटेकडे बोट दाखवलं. "सर, पण काकांनी स्वतः सांगितलं..."

काकांना सकाळी पाठ करायला दिलेला कागद परीक्षकांनी तिच्यापुढे धरला.

'रांगेत उभं राहून आलेली साधी भोवळ. पडताच शुद्धीवर. जिभेला इजा नाही. दारूला आयुष्यात शिवलेला नाही.'