जादा माणूस

यंत्र कधी खोटं बोलत नाही. हे सनातन सत्य सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. यंत्र जे बोलेल त्याला कंपनी जबाबदार नाही, हे खाली बारीक अक्षरांत होतं. चेतन पोकळेने वरचं वाचलं होतं.

आता धायरीतल्या त्याच्या वर्कशॉपच्या केबिनमध्ये स्क्रीन म्हणत होती : 'शिल्लक काम : नाही. जादा माणूस : एक. तात्याराव.'

त्याने आधी दोन सॉफ्टवेअर पाहून सोडली होती. त्यांत टाईप करावं लागायचं, आणि इथे तेलात न बरबटलेले हात कोणाचेच नव्हते. हे तिसरं मराठी ऐकायचं. विक्रेत्या पियुषने प्रत्येक मशीनपाशी एक काळी डबी बसवली आणि स्वतःचा आवाज भरून दाखवला. मग सगळ्यांचे आवाज भरले. डबी आवाजावरून माणूस ओळखे. अधूनमधून गोड आवाजात विचारी, "काम कुठवर आलं?" एरवी ती नुसती ऐकत बसे. ती आल्यापासून वर्कशॉपमधल्या गप्पा बंद पडल्या होत्या. शिंक आली तरी लोक आधी तिच्याकडे बघत.

"अहो, वडिलांच्या वेळचा माणूस आहे तो," चेतन म्हणाला.

"निर्णय तुमचाच, सर. सिस्टिम फक्त सुचवते," समोर बसलेला पियुष म्हणाला. "त्यांचं काम सगळ्यांच्या आधी संपतं. मग दिवसभर नुसते मशीनपाशी उभे. डेटाच सांगतो."

चेतन उठला. पियुष मागोमाग निघाला. 'तात्या, खूप केलंत, आता विश्रांती घ्या,' असं वाक्य चेतनने मनात जुळवलं. त्याला स्वतःलाच ते शोकसभेतलं वाटलं.

दोघांना येताना पाहून एकेक मशीन बंद होत गेलं. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं होतं. तात्यारावांनी टोपी सारखी केली. त्यांचा लेथ तेवढा चालू होता. त्यावर पंपाचा शाफ्ट फिरत होता, अर्धा चकचकीत, अर्धा काळा.

स्क्रीनवर तो शाफ्ट कालच पूर्ण झाला होता.

"तात्या, हा अजून व्हायचाय?"

"झालंच म्हणून समजा, शेठ."

टिंग. डबीवर हिरवा दिवा लागला. "काम पूर्ण," ती म्हणाली. "अभिनंदन!"

चेतनने शाफ्टकडे पाहिलं. मग डबीकडे. "हिला रोज हेच सांगता?"

"मग काय सांगायचं? मालकानं विचारल्यावर 'न्हाई झालं' म्हणायचं असतंय व्हय?"

तेवढ्यात फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. शाफ्ट तयार असल्याचा निरोप सिस्टिमने गिऱ्हाइकाला परस्पर धाडला होता. टेम्पो न्यायला आला होता.

"पियुष," चेतन शांतपणे म्हणाला, "आमच्यात 'झालंच' म्हणजे झालेलं नसतं. हे तुमच्या डबीला शिकवायचं कोणी?"

पियुषने घाम पुसला. "आजच दुरुस्त करतो, सर. झालंच म्हणून समजा."

टिंग.

केबिनमधल्या स्क्रीनवर ओळ बदलली : 'जादा माणसे : दोन. तात्याराव, पियुष.'