गच्चीवरची चिमूट

सुशीलाबाईंनी डबी उघडली आणि आधी नुसता वास घेतला.

तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. मशेरी. एकवीस दिवसांनी!

सकाळचे सहा. जामबाग मोहल्ल्यातल्या या गच्चीवर चिटपाखरू नाही. खाली बिल्डिंगमधल्या साऱ्या बायका शहाण्यासारख्या पेस्टने दात घासत असतील. तसं त्यांनी ठरवलंच होतं. सुशीलाबाईंची सून रेणू बाळंत होईपर्यंत एकाही घरात मशेरी भाजायची नाही. बाळाचं वजन भरत नाही, ही सवय सुटलीच पाहिजे, असं नर्सने बजावलं होतं. रेणूने सोडली, पण अट घालून. "आई ज्या दिवशी लावतील, त्या दिवशी मीही लावणार."

चिमूट तळहातावर आली. बोट तिच्यावर टेकलं.

जिना वाजला.

एक पायरी.

श्वास.

आणखी एक पायरी.

सातवा महिना असाच चढतो.

दारात रेणू. सुशीलाबाईंनी मूठ मिटली. झालं, आता ही बोंब ठोकणार.

रेणूने बोंब ठोकली नाही. अगदी जवळ आली.

"लावली?"

"नाही गं."

"मग लावा ना."

"काय?"

"लावा की आई, पटकन. मग मी लावते. कुणाला कळतंय!"

तिचं बोट पुढे आलेलंच होतं. नजर मुठीवर. ही नजर सुशीलाबाईंच्या चांगली ओळखीची होती, चाळीस वर्षं रोज सकाळी आरशात पाहिलेली. त्यांच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. बोट काळं झालंच होतं. नुसतं ओठापर्यंत न्यायचं.

त्यांनी मूठ कठड्याबाहेर नेली आणि उघडली. मग अख्खी डबीच उलटी केली.

वारा.

खाली अंगणात चहा पीत बसलेले शेजारचे एकनाथराव शिंकले. पुन्हा शिंकले. तिसऱ्या शिंकेला कबुतरं उडाली.

"कौन है रे ऊपर? माझ्या चहात काय पाडलंत?"

"मशेरी!" पहिल्या मजल्यावरच्या तारामतीने वास बरोबर ओळखला. "सुशीलाबाई, लावली ना? खरं सांगा!"

सुशीलाबाईंनी कठड्यावरून वाकून आ केला. "बघ! दात बघ!"

"एवढ्या खालून काय डोंबल दिसणार?"

रेणूचे ओठ आधी थरथरले. रडते की काय! पण नाही, हसू फुटलं. कठड्याला धरून, पोटाला हात लावून ती हसतच राहिली. आणि हसता हसताच म्हणाली,

"आई, भूक लागली."

सकाळी सकाळी भूक! इतक्या महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. मशेरी लावली की दुपारपर्यंत पोट गप्प, आणि सोडल्यावरही ते गप्पच राहिलं होतं.

"तारामती, दात राहू दे गं! रेणूला भूक लागलीय!"

"क्या बोले?"

"भूक! भूक!"

आधी तळमजल्यावर, मग पहिल्यावर, मग दुसऱ्यावर झाकणं वाजू लागली.

"आमच्याकडे खिचडी-खट्टा आहे!"

"उपीट टाकते, हौ, दोन मिनिटांत!"

सगळ्यांच्या आधी पोचले ते एकनाथराव, शिंकत शिंकत, हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन.