आरी की नाशी

जपानला कामाला निघालेल्यांच्या भाषावर्गात वेल्डर सगळ्यात हुशार. झेइकिन म्हणजे कर, क्यूर्यो म्हणजे पगार, कोजो म्हणजे वजावट, सगळं तोंडपाठ. गाडी अडायची ती कराच्या फॉर्मवरच्या एकाच रकान्यात. जोडीदार: आरी की नाशी? एकाला गोल करायचा. आज तिसऱ्यांदा त्यानं 'आरी'ला गोल केला.

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. "अहो, आरी म्हणजे आहे, नाशी म्हणजे नाही. तुमच्या प्रवेश अर्जावर तर..." त्या थांबल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मिसेस वारल्या ना तुमच्या? तिकडे असं भरलंत तर पंचाईत होईल."

"शब्द येतात मला, बाई. 'आ'वरून आरी, 'आ'वरूनच आहे. 'ना'वरून नाशी, 'ना'वरूनच नाही. तिनंच शोधून दिली होती ही युक्ती, कपड्यांच्या घड्या घालता घालता."

"मग चुकतं कुठं?"

त्यानं खोडरबर उचललं, पण कागदाला लावलं नाही.

"हसत म्हणाली होती, नाशी विसरलात तरी चालेल. तुम्हाला ते कुठं लागणार आहे!"