तारीख नसलेलं आवाहन

दारात तिसरा माणूस आला तेव्हा गायत्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"धुरपदाबाई कुठल्या दवाखान्यात आहेत?" त्याने घाम पुसत विचारलं. हजीऱ्याहून रात्रपाळी करून थेट रक्त द्यायला आला होता बिचारा. धुरपदाबाई, म्हणजे गायत्रीच्या सासूबाई, त्याच्यासमोरच बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं पीठ मळत बसल्या होत्या.

त्याच्या मोबाइलमध्ये तेच आवाहन होतं. सासूबाईंचा नळ्या लावलेला फोटो, 'तातडीने रक्त हवे', खाली घरचा पत्ता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी गायत्रीनेच घाईघाईत लिहिलेलं. तारीख टाकायची राहून गेली होती. आता कुणा शहाण्याने ते उकरून सुरतेतल्या खानदेशी मंडळींच्या सगळ्या ग्रुपांवर सोडलं होतं.

आणि वेळ तरी कोणती! इथल्या खानदेशी मंडळाचं पेज गायत्रीच सांभाळायची. शेजारच्या उज्ज्वलाच्या चार वर्षांच्या लेकीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागे, म्हणून मंडळाचं रविवारी रक्तदान शिबिर ठरलं होतं. शनिवार संध्याकाळपर्यंत पंचवीस नावं आली तरच रक्तपेढीची गाडी येणार होती. गुलाबाच्या फुलांचं पोस्टर तीनशे जणांना आवडलं. नावं मात्र दोनच, गायत्री आणि तिचा नवरा चेतन. आणि आज शनिवार होता.

"आत्याबाई, मी खुलासा टाकते. लोक मंडळाला शिव्या घालतील."

"टाकजो ना, संध्याकायले. आधी पाव्हनाले च्या दे." मग त्या माणसाकडे वळल्या. "भाऊ, मी ते चांगली शे. पन एवढा लांबतून येल शेस, ते तसाच कसा जाशी? शेजारनी पोरले रक्त लागस. उद्या ये. आते नाव लिखी जाय."

माणूस हसला आणि वहीत नाव लिहून गेला.

दुपारपर्यंत रीघ लागली. कडोदऱ्याहून एका रिक्षात चौघं आले. पलसाण्याच्या डाइंग मिलमधला मुकादम सहा जणांना घेऊन आला. एकाने आजारी बाईसाठी पेरू आणले, ते आजारी बाईंनी मीठ लावून खाल्ले. बिबड्या करायला बाया येणार म्हणून सासूबाईंनी मागून आणलेले निळ्या काठाचे कप बरे उपयोगी पडले. आवाहन फिरवणाऱ्या गाढवाला गायत्रीने सकाळी लाखोली वाहिली होती. चार वाजता ती त्याला मनोमन दुवा देत होती.

पाचला वहीत सत्तावीस नावं झाली. रक्तपेढीचा फोन आला, गाडी येतेय. गायत्रीला इतका आनंद झाला की तिला रडूच फुटलं. तिने लगेच खुलासा लिहिला आणि या वेळी सगळ्यात वर तारीख टाकली.

तेवढ्यात उज्ज्वला आली. तिने गायत्रीला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले आणि धुतलेले कप गोळा करायला लागली.

"चोवीस आहेत ना गं? काल आत्याबाईंनी मोजून नेले होते. म्हणाल्या, उद्या सकायपासून पाव्हना येतीन, सगळा रक्त देनारा."