पेन्शनचं काम

सुभेदार नाथाजी फौजेत कधी कुणाला घाबरले नाहीत, पण मूळव्याधीचं नाव काढायची त्यांना भारी लाज. मेढ्यात कुणी बघायला नको, म्हणून पेन्शनच्या कामाचा बहाणा करून त्यांनी साताऱ्यातला डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी तिखट बंद केलं आणि मलम दिलं. मलमाची ट्यूब त्यांनी फौजेच्या ट्रंकेत दडवली. तिखटाचं तर बायकोला सांगावंही लागलं नाही. मनुबाई वर्षभर मिळमिळीतच कालवण करत होती आणि त्यावरून रोज त्यांची बोलणी खात होती.

ट्यूब निम्म्या वेळातच संपली. नाथाजी पुन्हा 'पेन्शनच्या कामाला' निघाले, तेव्हा मनुबाई दाराआडून मान खाली घालून पुटपुटली,



"आवं, ह्या खेपंला मलम दोन घिऊन या. एक दोघांस्नी पुरंना."