विचारपूस

सर्वेक्षणवाल्या बाई सलग सहाव्या वर्षी आजोबांकडे आल्या होत्या. कोणत्या देशातली माणसं एकमेकांना किती धरून आहेत, याची तुलना चालली होती. तीस देशांत तेच प्रश्न, शब्दाला शब्द. आजोबांनी खुर्ची पुसून तयारच ठेवली होती.

"वर्षभरात तुमची विचारपूस करायला किती जण घरी आले?"

"एक," आजोबा दरवर्षीसारखंच म्हणाले.

बाईंनी सवयीने एकचा आकडा टाकला. फॉर्म पिशवीत घालताना मात्र त्यांनी यादीत नसलेला प्रश्न विचारला, "आजोबा, कोण हो येतं?"



"कोण म्हणजे? तुम्हीच की. नाव तेवढं कधी सांगितलं नाहीत."