काचपेटीवरचा कोट

सरांनी काचपेटीवरचं कापड ऐटीत ओढलं आणि जंगलात शोधलेल्या भेकांच्या, म्हणजे खरबरीत बेडकांच्या, दोन नव्या प्रजाती पाहुण्यांसमोर आल्या. एक चिमुकला, पिवळाधमक; दुसरा थोराड, करडा, अंगभर फोडांचा. “सर, एकाच जातीचे नर-मादी असतील, पोट उघडून बघूया,” असं जुनी सहकारी म्हणाली, तेव्हा सरांनी चारचौघांत तिची टिंगल करून शोधनिबंधातून तिचं नावच काढलं होतं. देखणे नमुने खराब होतील म्हणून पोट उघडलंच नव्हतं. “अहो, तुमचा पिवळा करड्याच्या पाठीवर चढलाय!” पहिल्या रांगेतून सरांची बायको ओरडली. पेटीतल्या पाण्यात अंड्यांची काळी माळ उलगडत होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सहकारी उठून मंचावर आली. आता ही आपले वाभाडे काढणार, म्हणून सरांनी डोळे मिटले. तिनं अंगातला कोट काढून काचपेटीवर पांघरला. “उजेडाचा त्रास होतो जनावरांना,” ती पाहुण्यांना म्हणाली.